काळडोहाची हरवलेली फोड

"प्राण्यांची गोष्ट?" फेगडे अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना झबलं-टोपडं घालायला सांगतेय. "बाई, उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढला मी. आता या वयात उंदीर-मांजराची गोष्ट वाचू?"

"उंदीर नाही त्यात," मी म्हटलं. "साळिंदर आहे, मुंगूस आहे, खवलेमांजर आहे."

"आणि ते बोलतात?"

"काही काही माणसांपेक्षा बरं बोलतात."

त्यांच्या हाताला सुई लावणारा इरफान खाली मान घालून हसला. अण्णांची मुलगी चारू बाजूच्या स्टुलावर बसली होती, तीही हसली. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग बऱ्याच वेळाने पंख्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कुणी मरतं का त्यात?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. शाळेच्या वाचनालयात माझी हयात गेली. पुस्तक हातात घेतलं की पोरं आधी हेच विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं.

"वाचा म्हणजे कळेल."

भुसावळातल्या एका दवाखान्यात डायलिसिसची एक लांबट खोली होती, तिथली ही गोष्ट. खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसायचं. किडन्यांनी मान टाकलेले आम्ही लोक आठवड्यातून तीनदा तिथे येऊन पडायचो. यंत्र अंगातलं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत घालायचं. चार तास हे चालायचं आणि तेवढा वेळ सुया टोचलेला हात जरासुद्धा हलवायचा नाही. हलवला की यंत्र बोंब मारायचं, आणि यंत्राच्या आधी इरफान. तो तिथला टेक्निशियन. मऊ हाताचा, पण तोंडाने फटकळ. माझं त्याच्याशी छान जमायचं.

एका हाताने जाड पुस्तक धरता येत नाही. छातीवर ठेवावं तर धाप लागते. पहिले काही महिने मी छताचे पोपडे मोजण्यात घालवले. मग एका रविवारी घरी ओट्यावर माझी सगळ्यांत लाडकी पुस्तकं मांडली, नवं ब्लेड काढलं आणि त्यांचे कणे सरळ कापून टाकले. पानाचा कोपरा दुमडला म्हणून ज्या बाईने पोरांना बाकावर उभं केलं, तिनेच. प्रत्येक पुस्तकाच्या पाच-सहा फोडी केल्या, दोऱ्याने शिवल्या, वर खाकी कागद चढवला. एक फोड एका हातात अलगद बसायची आणि अंगठ्याने पान उलटता यायचं.

पुस्तकं म्हणजे 'काळडोहाची मंडळी'. सात भाग. वनखात्यातल्या कुणा कारकुनाने लिहिली, स्वतःच छापली, आणि तो माणूस गेला तशी पुस्तकंही बाजारातून गेली. मी ती वाचनालयात शंभरदा पोरांच्या हातात कोंबली असतील. डोंगरातला एक डोह, त्याच्या काठाची बिळं, त्यात राहणारं काटेआबा नावाचं म्हातारं साळिंदर आणि त्यांनी सांभाळलेली पोरकी साळिंदरी टिपरी. झिपऱ्या मुंगूस, चोर आणि थापाडा. खवलोजी सरदार, म्हणजे ते खवलेमांजर, लढाईच्या गप्पा मारायचे आणि लढाई आली की अंगाचा चेंडू करून उताराला लागायचे. आणि पलीकडच्या रानात कोळसुंद्यांची टोळी, म्हणजे रानकुत्री. पहिल्या दोन भागांत हसून हसून पोट दुखतं. तिसऱ्यापासून हसू कमी होत जातं.

आमची वाचायची रीत अशी होती, की फोड माझ्याकडून निघायची. माझ्या शेजारच्या बेडवर पिंगळे वहिनी, त्यांच्या पलीकडे अण्णा. वहिनींची वाचून झाली की अण्णांकडे, अण्णांची झाली की पुढे. अण्णांना एक आठवडा तरी आपला नकार ताणून धरायचा होता. पण वहिनी खवलोजींवर इतक्या खिदळल्या की यंत्र ओरडायला लागलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. बघू काय एवढं." त्यानंतर दवाखान्यात शिरताना चप्पल काढायच्या आधी ते विचारायचे, "आज कुठली फोड?"

चारू त्यांच्याबरोबर वाचायची. अण्णांचा हात दुखला की फोड ती धरायची आणि बापलेकीची डोकी एकमेकांना टेकलेली असायची. कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची ती, बापाच्या डायलिसिसच्या वाराला अर्धा दिवस रजा टाकून यायची. मला किडनी द्यायला कुणी नव्हतं. एक भाऊ होता, त्याने माझा आजार ऐकल्यापासून फोन उचलणं सोडलं होतं. आणि इथे ही पोरगी बापाच्या मागे लागली होती, अण्णा माझी घ्या म्हणून. तिची जुळत होती. नाशिकचे डॉक्टर तयार होते. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. छातीत कळ यावी इतका वाटायचा.

अण्णा नाही म्हणत होते. आजार त्यांच्या घराण्यातला. वडील त्यानेच गेले, थोरली बहीण त्यानेच गेली, दोघांच्याही किडन्या गाठींनी भरलेल्या. चारूच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आज सगळं स्वच्छ आहे असा डॉक्टरांचा निर्वाळा होता. तो 'आज' अण्णांना पटत नव्हता. हे सगळं मला त्यांच्या बायकोकडून, शकूकाकूंकडून कळलं. बापलेक आमच्यासमोर याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

वादाला तोंड फुटलं ते चौथ्या भागात.

चौथ्या भागात दुष्काळ पडतो. डोह आटतो, कंदमुळं संपतात, बिळात एकालाच पुरेल एवढं उरतं. काटेआबा पहाटे उठतात, टिपरीच्या अंगावर पाला सारखा करतात आणि तिला न सांगता निघून जातात, म्हणजे उरलेलं तिला पुरेल. तिथे ती फोड संपायची. पुस्तक कापताना मला काय ठाऊक, की मी कुठे काप देतेय.

"आबांनी जायला नको होतं," चारू म्हणाली. तिने फोड मिटून मांडीवर ठेवली होती. "टिपरीला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं."

"म्हणूनच विचारायला हवं होतं."

"लहान आहे ती. तिला पुढचं काय कळतं?"

"दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं असतं, अण्णा."

"आणि अर्ध्यावर दोघंही मेले असते."

इरफान प्रेशर बघायला आला. त्याने आकडा पाहिला, दोघांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अण्णा, वाढतंय. साळिंदराला जाऊ द्या आता." कुणी हसलं नाही. ते साळिंदराबद्दल बोलत नव्हते हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. त्यानंतर प्रत्येक वाराला हा वाद निघायला लागला. कधी चारू म्हणायची आबा भित्रे होते, कधी अण्णा म्हणायचे टिपरीला लाडावून ठेवलंय. पिंगळे वहिनी वाद मिटवायला म्हणायच्या, "अहो, पुढची फोड माझ्याकडे आहे, जरा दम धरा की."

आणि पुढच्या वाराला वहिनींचा बेड रिकामा होता.

आमच्या खोलीत अशा वेळी 'गेल्या' म्हणायची पद्धत नव्हती. गावाला गेल्या, असं म्हणायचं. इरफान चादर बदलायचा आणि तेवढ्यात सगळ्यांनी खिडकीबाहेर मालगाडी बघायची. दुसरी एक रीत होती, ती कुणी घालून दिली देव जाणे. गावाला गेलेल्या माणसाकडे आपलं काही राहिलं असलं, शाल, डबा, चार्जर, तर ते मागायला त्याच्या घरी जायचं नाही. हाराच्या फोटोसमोर बसून आपली शाल मागायची, आणि त्या घरच्यांनी आपल्या हाताच्या पट्ट्या बघत ती आणून द्यायची, हे दोघांनाही सोसणारं नव्हतं. जे राहिलं ते राहिलं.

"ती फोड वहिनींकडेच राहिली," अण्णा त्या दिवशी म्हणाले.

चारूने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर वाचलीय. पुढे काय होतं? टिपरी काय करते?"

मी तोंड उघडलंही होतं. अण्णांनी मोकळा हात वर केला. "सांगू नका बाई. रंगत जाईल. दुसरी प्रत मिळाली तर बघा, आम्ही थांबतो." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत एक तरी माणूस असा भेटला, ज्याला गोष्ट फुकट नको होती. मी जळगावच्या दोन दुकानदारांना सांगून ठेवलं, पुण्याला एकीला फोन केला. प्रत मिळाली नाही. दरम्यान आम्ही पाचवा भाग सुरू करू नये, असंही अण्णांचंच म्हणणं पडलं.

मे महिना आला. भुसावळचा मे काय असतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. आम्हाला दिवसाला मोजून दोन पेले पाणी, बर्फाचा खडा गालात धरून दुपार काढायची. चारू मामाला घेऊन नाशिकला गेली, शेवटच्या तपासण्या आणि ऑपरेशनची तारीख घेऊन यायला. अण्णांनी हो म्हटलेलं नव्हतं, पण ती म्हणाली, तारीख हातात पडली की म्हणतील.

ती गेली आणि अण्णांचा वार चुकला. इरफानने फोन केला. अण्णांनीच उचलला आणि सांगितलं, जळगावला पाहुण्यांकडे आलोय, इथेच करून घेतो. दुसरा वार चुकला तेव्हाही तेच. इरफानला ते पटलं. मला काही पटलं नाही. ज्या माणसाला शेजारच्या बेडवर हलवलं तरी झोप लागत नाही, तो दुसऱ्या गावच्या यंत्राला हात देईल?

माझ्या डोक्यात भलतंच काही यायला लागलं. या माणसाची गोष्ट आबा निघून जातात तिथेच थांबलीय. पुढचं त्याला ठाऊकच नाही. आबा गेले आणि टिपरी वाचली, असं धरून तो बसला असेल तर?  पुढचं त्याला कळलंच पाहिजे होतं. मी रीत धाब्यावर बसवली आणि पिंगळ्यांच्या घरी गेले.

वहिनींचे यजमान दारात मला बघून क्षणभर गडबडले. मग आत घेऊन गेले, पाणी विचारलं आणि जीभ चावली. मी फोडीचं विचारलं. ते उठले, कपाटातून वहिनींची दवाखान्याची पिशवी आणली. शाल, पायमोजे, चष्म्याचं घर. "पुस्तक नाही यात," ते म्हणाले. "ती घरी आली त्या संध्याकाळी मला बसवून सगळी गोष्ट सांगितली तिने. त्या टिपरीसाठी रडली हो. मी म्हटलं, दाखव बघू पुस्तक. तर म्हणाली, फेगड्यांना देऊन आले, त्यांची पोरगी औषधं आणायला खाली गेली होती तेवढ्यात."

माझा तेव्हा डोळा लागला असणार. मी तिथून उठले ती रिक्षाने थेट अण्णांच्या घरी. दुपार रणरणत होती. शकूकाकूंनी दार उघडलं, त्यांच्या हाताला पीठ लागलेलं.

"या ना," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात. कंटाळलेत घरी बसून. ऑपरेशनच्या आधी आठ-दहा दिवस सुट्टी देतात म्हणे ना?"

"कुणी दिली सुट्टी?"

"डॉक्टरांनी."

"काकू, अशी सुट्टी कुणालाही देत नाहीत," मी म्हटलं. "चारूला फोन लावा. आत्ता. आणि दवाखान्याची गाडी बोलवा."

काकू तशाच पिठाच्या हाताने फोन शोधायला आत गेल्या. 

अण्णा मधल्या खोलीत खाटेवर होते. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पाय खांबासारखे. श्वास ओढून घ्यावा लागत होता. खाटेखाली स्टीलचं ताट होतं आणि ताटात केळीच्या साली होत्या.

किडनीच्या माणसाला केळं म्हणजे विष, त्याने हृदय बंद पडतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. 

"रावेरकडचा माणूस मी," अण्णा म्हणाले. "अंगणात घड लोंबायचे आमच्या. चार वर्षं नुसता वास घेतला. काय गोड असतं हो, बाई."

"फोड कुठे आहे?"

त्यांनी उशीखाली हात घातला आणि खाकी कव्हरातली ती फोड काढून पोटावर ठेवली. लपवाछपवी काही केली नाही.

"वाचली?"

"दोनदा."

"मग कळलं ना?" माझा आवाज चढला. "आबा गेले म्हणून टिपरी वाचली नाही. ती त्यांना शोधायला निघाली आणि कोळसुंद्यांनी तिला धरली. आबांना पलीकडच्या काठावर ते ऐकू आलं. आणि मग आबा जगले, म्हातारे होऊन, एकटे. काय मिळवलं त्यांनी जाऊन?"

"लिहिणाऱ्याला पोरगी नसेल," अण्णा म्हणाले.

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी दर वाराला त्या यंत्राला बांधून घेत होते, यादीत नाव लावून कुणा अनोळखी माणसाच्या मरणाची वाट बघत होते, आणि हा हातातलं फेकून देत होता. मी ते बोलूनही दाखवलं. जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. ते ऐकत राहिले.

"माझी ताई पंचविशीत ठणठणीत होती," माझं झाल्यावर ते म्हणाले. "फोटो काढला, एक गाठ नाही. चाळिशीत दोन्ही बाजू भरल्या. चारूला दोन्ही लागतील, बाई. एक मी घेऊन बसलो तर उद्या ती कुणाकडे मागणार?"

"मग नाही म्हणा. ठाम नाही म्हणा आणि डायलिसिसला या. मी येतेच ना?"

 त्यांनी दोनदा श्वास ओढून घेतला.

"ती रोज विचारते," ते म्हणाले. "चहा देताना विचारते, पाय चेपताना विचारते. पुस्तकातून विचारते. ही फोड तिच्या हाती पडली असती तर तिला बोलायला जागा मिळाली असती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ठेवून घेतली. वहिनींचं नाव पुढे केलं, म्हटलं तिथे कोण जातंय मागायला." ते जरासे हसले. "बाई, मला जगायची फार हौस आहे हो. नाशिकचा डॉक्टर म्हणाला, नंतर तांब्याने पाणी प्या, केळी खा, कुठेही फिरा. त्या रात्री मला आनंदाने झोप नाही आली. आता ती तारीख घेऊन येणार आणि पुन्हा विचारणार. आणि मी हो म्हणणार. मला माहीत आहे ना, मी हो म्हणणार."

आतून काकूंचा फोनवरचा आवाज येत होता. अण्णांनी तो ऐकला. फोड उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

"तुमची आहे, घेऊन जा. तिला लगेच नका देऊ. तिला स्वतःचं पोर होईल, तेव्हा द्या."

दवाखान्याची गाडी आली तेव्हा अण्णांनी खाटेचा कठडा धरून ठेवला. डॉक्टरने समजावलं, काकूंनी पाय धरले. शुद्धीतला माणूस नाही म्हणतो, त्याला उचलून नेता येत नाही. गाडी रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी माझा वार होता. सुया लागून अर्धा वेळ झाला असेल. दार धाडकन उघडलं आणि अण्णांना स्ट्रेचरवर आणलं. मागे चारू, प्रवासाच्या कपड्यांत, गळ्यात पिशवी तशीच. ती नाशिकहून थेट घरी पोचली होती आणि कुणाला न जुमानता त्यांना घेऊन आली होती. रिकामा होता तो पिंगळे वहिनींचा बेड. त्यावर, माझ्या शेजारी, त्यांना ठेवलं. मी हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता, पण माझा तो हात यंत्रात होता.

इरफान नळ्या जोडत होता. मी त्याला कधी एवढं भराभर काम करताना पाहिलं नव्हतं. अण्णांनी सुईचा हात छातीशी गच्च धरला होता, इरफान आणि चारू दोघांना मिळून सोडवत नव्हता.

चारू वाकली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. खोलीत यंत्रांखेरीज आवाज नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अण्णा, मी नाही विचारणार," ती म्हणाली. "पुन्हा कधीच विचारणार नाही. शपथ तुमची. नाशिकचे कागद फाडून टाकते. फक्त सुई लावू द्या."

अण्णांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. आणि मग तो हात त्यांनी आपणहून छातीवरून काढला, पालथा होता तो उताणा केला आणि इरफानच्या पुढे धरला.

इरफानने हातावर कापूस फिरवला, सुई उचलली आणि थांबला. अण्णांच्या छातीकडे बघून त्याने सुई खाली टाकली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला घेतली. डॉक्टर धावत आले. बराच वेळ ते चाललं. चारू भिंतीला पाठ लावून उभी होती. तो हात बेडच्या कडेला तसाच उताणा राहिला होता.

ते थांबले तेव्हा माझ्या यंत्रावर अजून वेळ बाकी होता. सुया निघेपर्यंत मला उठता येत नव्हतं. मी तिथेच पडून राहिले, त्यांच्या शेजारी, आणि त्या दिवशी खिडकीबाहेर मालगाडी बघायला कुणी मान वळवली नाही.

चारू त्यानंतर दवाखान्यात आली नाही. मीही तिच्या घरी गेले नाही. पुढे यादीत माझा नंबर लागला. अपघातात गेलेल्या कुणा पोराची किडनी मला मिळाली, त्याचं नाव मला ठाऊक नाही. आता मी तांब्याने पाणी पिते. केळं मात्र सोलवत नाही.

गेल्या महिन्यात बेल वाजली. दारात चारू. अंगाने भरलेली, कानशिलावर दोन पांढरे केस, आणि बोट धरून एक मुलगी, अण्णांसारखी चष्म्यावरून बघणारी. लग्न होऊन ती अमरावतीला असते. पोरीला वाचायचा नाद लागलाय, म्हणाली, काही सुचवा.

मी चहा टाकला. चहा पिता पिता तिने सांगितलं, की तपासणी झाली. गाठी धरल्यात, दोन्ही बाजूंना. "डॉक्टर म्हणाले, दोन आहेत म्हणून निभतंय. अजून बरीच वर्षं निभेल. एकच असती तर..." तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, 'नाही विचारणार' असं मी एक दिवस आधी म्हणाले असते तर. आता काय वाटून घ्यावं तेच कळत नाही, मॅडम."

 मी उठले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काळडोहाच्या सगळ्या फोडी काढून पोरीपुढे ठेवल्या. आणि खालच्या कप्प्यातून ती एक काढून चारूच्या हातात दिली.

"ही वहिनींकडे नव्हती," मी म्हटलं. "अण्णांकडे होती. तुला पोर झालं की द्या, म्हणाले होते."

ती खिडकीशी जाऊन उभ्यानेच वाचायला लागली. फोड एकाच हातात धरलेली, अंगठ्याने पान उलटत. दुसरा हात तिने नकळत सरळ आणि स्थिर ठेवला होता, त्या हाताला काहीही लावलेलं नसताना.

पोरगी पहिली फोड उलटसुलट करून बघत होती. कव्हर हुंगलं, चित्र नाही म्हणून नाक मुरडलं. मग मान वर करून मला विचारलं, "आजी, यात कुणी मरतं का?"

माझं ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. पण खिडकीशी पान उलटायचं थांबलं.

"मरतं," चारू म्हणाली. तिने वळून पाहिलं नाही. "तरी वाच."

पोरीने एकदा आईच्या पाठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जमिनीवर फतकल मारून फोड उघडली.